पोराला पोलिसांनी नेलं, तर मायबापानं काय करायचं?

 

आपल्या बैठकीत आपण बहुतेक सगळं बोलतो. सोयाबीनचा भाव बोलतो, बँकेचा हप्ता बोलतो, सासऱ्याचं दुखणं बोलतो. एक गोष्ट मात्र बोलत नाही. घरातला पोरगा पोलिसांत सापडला, की ती बाई पुढच्या बैठकीला येत नाही. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवते आणि डोकं दुखतं म्हणून निरोप देते. मग एखाद्या रात्री आमच्यापैकी कोणाला तरी फोन येतो, "बाई, माह्या पोराले पोलिसानं नेलं वं. टाकतीन का त्याले जेलात?"

या प्रश्नाचं उत्तर आज देतो. पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याला जेलात टाकता येत नाही. पोलीस ठाण्याच्या कोठडीतही ठेवता येत नाही. त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे, वेगळं मंडळ आहे. आणि त्या मंडळापुढे सगळ्यात जास्त एक गोष्ट पाहिली जाते: हा पोरगा घरी गेला, तर त्याला सांभाळणारं तिथे कोणी आहे का? त्याचं उत्तर मोठ्या वकिलाजवळ नसतं, पुढाऱ्याच्या फोनमध्येही नसतं. ते मायबापाजवळ असतं. म्हणून आज पायरी-पायरीनं सांगतो, की मायबापानं काय करायचं आणि काय करायचं नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यांपुढे धरू. नाव नको, गावही नको. अशी घरं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं एक गाव. बाप बांधकामावर पुण्याला, माय रोजमजुरीला. पोरगा सोळा वर्षांचा. नववीत शाळा सुटली. दिवसभर पानठेल्यावर, हातात मोबाईल, तोंडात खर्रा. सोबतीला तेविसेक वर्षांचा एक जण. एका बाजाराच्या दिवशी मूर्तिजापुरातून या दोघांनी कोणाची तरी दुचाकी उचलली आणि संध्याकाळी सापडले.

पहिली रात्र

मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात येतं, म्हणून पोरगा अमरावती जिल्ह्यातला असला तरी त्याचं प्रकरण अकोल्याच्या बाल न्याय मंडळापुढे जाणार. जिथे गुन्हा घडला, तिथलं मंडळ. हे आधी लक्षात घ्या, म्हणजे दुसऱ्याच गावच्या कोर्टात चकरा होणार नाहीत.

प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. पोरगा त्यांच्या ताब्यात असायला पाहिजे. त्यांनी आईबापाला कळवायचं असतं. मंडळ कुठे बसतं आणि पोराला किती वाजता हजर करणार, हेही सांगायचं असतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे उभं करावंच लागतं. मंडळाची बैठक त्या दिवशी नसेल, तर मंडळाच्या एका सदस्यापुढेही हजर करता येतं. पोराला बेड्या घालता येत नाहीत, मारता येत नाही, गुन्हा कबूल करायला भाग पाडता येत नाही, आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. पोरगी असेल, तर महिला पोलीस असायला पाहिजे.

मग मायनं काय करायचं? एकटीनं जाऊ नये आणि दहा माणसं घेऊनही जाऊ नये. सोबत गटातली एक समजदार बाई घ्यावी. ठाण्यात गेल्यावर शांतपणे तीन गोष्टी बोलाव्या. "इथले बाल कल्याण अधिकारी कोण? माझा पोरगा सोळा वर्षांचा आहे, तसं लिहून घ्या. त्याला उद्या कुठे आणि किती वाजता हजर करणार?" पोराला काही औषध चालू असेल तर ते न्यावं. अंगावर घालायला एक जोड कपडे न्यावे.

आणि एक गोष्ट करू नये. ठाण्यात शिरल्याबरोबर बाप पोराच्या दोन कानाखाली वाजवतो. राग खरा असतो, चारचौघांत लाज वाटते, हे आम्ही समजतो. पण त्या क्षणी पोरगा आपल्या माणसाची वाट पाहत बसलेला असतो. तिथेच मार खाल्ला, तर तो पुढे ना आपल्याला खरं सांगणार, ना वकिलाला.

पोराला मोठ्या माणसांसोबत कोठडीत बसवलेलं दिसलं, तर भांडण न करता सांगा, की हा अठराच्या आतला आहे. ऐकलं नाही तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन लावा. आणि दुसऱ्या दिवशी मंडळापुढे तोंडानं सांगा, की रात्री याला कुठे ठेवलं होतं, मार लागला का. मंडळानं हे ऐकून घेणं त्यांचं कामच आहे.

वयाचा कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील शोधण्याआधी वयाचा कागद शोधा. सगळं प्रकरण त्या एका कागदावर फिरतं. गुन्हा घडला त्या दिवशी पोरगा अठरा वर्षांचा पूर्ण नव्हता, हे दाखवायचं असतं. आज त्याचं वय किती आहे, हे तिथे पाहत नाहीत.

कायद्यात पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेनं दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील, तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. नुसतं आधार कार्ड घेऊन जाऊ नका. त्यावरची जन्मतारीख वयाचा पक्का पुरावा धरली जात नाही. ज्या शाळेत पोराचं नाव पहिल्यांदा दाखल झालं, तिथल्या रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या.

आपल्याकडे शाळेत घालताना तारीख अंदाजानं सांगायची सवय होती. म्हणून कित्येकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळेची तारीख आणि पंचायतीची तारीख वेगळी निघाली, तर घाबरून एक कागद लपवू नका. दोन्ही वकिलाला दाखवा. खोटा दाखला करून आणला, तर तो वेगळा गुन्हा होतो, आणि मंडळाचा मायबापावरचा भरवसा उडतो.

वयाची गोष्ट मागे राहून गेली असेल, तरी रस्ता बंद होत नाही. पोराला चुकून मोठ्यांच्या कोर्टात नेलं असेल, तर अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, निकालानंतरही.

मंडळ म्हणजे काय

बाल न्याय मंडळात तिघं असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या दोघांपैकी एक तरी बाई असावीच लागते. तिथे उंच मंच नसतो, आरोपीचा पिंजरा नसतो. पोरगा त्यांच्यासमोर बसतो आणि ते त्याच्याशी बोलतात. त्याला आरोपीही म्हणत नाहीत. कायद्याच्या मराठीत त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे: कायद्याशी ज्याची टक्कर झाली असं लेकरू.

दुसरं एक मंडळ असतं, त्याचं नाव बाल कल्याण समिती. ती अनाथ, हरवलेल्या, टाकून दिलेल्या, छळ झालेल्या लेकरांसाठी. आपल्या जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग लेकरांना सांभाळलं, त्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ते बालगृह. आपला पोरगा ज्या ठिकाणी ठेवला जाऊ शकतो, ते निरीक्षणगृह. लोक दोन्हींना 'रिमांड होम' म्हणतात आणि गोंधळ होतो. निरीक्षणगृह हे चौकशी चालू असेपर्यंत ठेवायचं ठिकाण आहे. तिथे पोराला भेटता येतं. भेटीचा दिवस आणि वेळ विचारून घ्या आणि ती भेट चुकवू नका. भेटायला कोणी येतं का नाही, याकडे तिथल्या माणसांचंही लक्ष असतं.

हे सगळं काही आपोआप झालं नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ मध्ये आला, पण तरीही देशभर लेकरं मोठ्यांच्या जेलात सापडत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली. १९८६ मध्ये कोर्टानं बजावलं, की मुलांना जेलात ठेवायचं नाही. त्याच वर्षी देशासाठी बाल न्याय कायदा झाला. तेव्हा मुलांसाठी वयाची मर्यादा सोळा होती; २००० च्या कायद्यानं ती मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा केली. आज चालतो तो २०१५ चा कायदा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला. म्हणजे एका बाईनं धसास लावलेल्या गोष्टीचा फायदा आज आपल्या लेकरांना मिळतो.

वकील फुकट मिळतो

पोरगा सापडला, की दुसऱ्या दिवशी दारात दलाल येतो. "पन्नास हजार द्या, उद्या सोडवून आणतो." बाई मंगळसूत्र मोडते, बाप वावर गहाण टाकायला निघतो. थांबा. बालकाला आणि बाईला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिलेला आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा असेल तर १५१००.

वकिलाला सगळं खरं सांगा. जे मंडळापुढे सांगायची लाज वाटते, तेही. पोरगा याआधी कुठे सापडला होता का, नशा करतो का, सोबतचा तो मोठा माणूस कोण. आपल्या उदाहरणात तो सोबती तेवीस वर्षांचा आहे. त्याचा खटला मोठ्यांच्या कोर्टात चालेल, पोराची चौकशी मंडळापुढे वेगळी होईल. दोघांना एकत्र चालवत नाहीत. कित्येकदा मोठी माणसंच पोरांना पुढे करतात, कारण त्यांना वाटतं, लहान आहे, सुटून जाईल. तसं झालं असेल, तर ते वकिलाला कळलंच पाहिजे.

घरी येणारा अधिकारी

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला, पोराच्या घरची माहिती काढायला सांगतं. त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात. तो दोन आठवड्यांत द्यायचा असतो. त्यासाठी अधिकारी मायबापाशी बोलतात, घरी येतात, शाळेत विचारतात. घरात कोण कोण, कमाई काय, पोरगा शाळेत कधीपासून गेला नाही, सोबती कोण, नशा आहे का, घरात मारहाण होते का, काही दुखणं आहे का.

आपल्या बाया इथे चुकतात. साहेब आले म्हणजे संकट आलं, असं त्यांना वाटतं. कोणी दाराला कुलूप लावून वावरात जाते. कोणी म्हणते, "माहा पोरगा देवासारखा हाये, त्याले लोकायनं फसवलं." साहेबानं अशी वाक्यं रोज ऐकलेली असतात. त्यातून त्याला कळतं एवढंच, की या घराला पोराचं काही माहीत नाही, किंवा माहीत असून सांगत नाही.

त्यापेक्षा असं सांगा: "साहेब, बाप बाहेरगावी आहे. मी सकाळी सातला कामावर जाते, संध्याकाळी येते. दिवसभर पोराकडे पाहणारं कोणी नाही. खर्रा खातो, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहतो. आता आम्ही असं ठरवलं आहे: माझा भाऊ त्याला आपल्या दुकानावर बसवणार, संध्याकाळी आठच्या आत घरी, आणि जूनमध्ये आयटीआयचा नाहीतर खुल्या शाळेचा फॉर्म भरायचा." आधी अडचण कबूल केली आणि मग उपाय सांगितला, तर अहवालात दोन्ही लिहिलं जातं. हा अहवाल गोपनीय असतो. तो गावात फिरत नाही. जे सांगाल ते मात्र खरंच करायचं असलं पाहिजे. पुढच्या तारखेला विचारतात.

जामीन म्हणजे सुटका नव्हे

मुलांच्या बाबतीत जामीन देणं हा नियम आहे. गुन्हा मोठ्यांसाठी बिगरजामिनाचा असला तरीही, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय मंडळ पोराला सोडू शकतं. तीन कारणांसाठी मात्र नाकारू शकतं. सोडल्यावर तो सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाच्या कामातच अडथळा येईल, असं वाटण्याजोगं कारण दिसलं तर. कारण लिहून द्यावं लागतं. जामीन मंजूर झाला पण गरिबीमुळे सात दिवसांत अट पूर्ण करता आली नाही, तर पोराला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून मागता येते. वकिलाला याची आठवण द्या.

इथे पुण्याची ती गोष्ट आठवते, जी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. काही तासांत त्याला जामीन मिळाला, आणि एक अट होती तीनशे शब्दांचा निबंध. लोक चिडले, आणि ते साहजिक होतं. दोन घरांची तरुण लेकरं गेली होती. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून २०२४ ला मुंबई हायकोर्टानं त्याला सोडायला सांगितलं, कारण जामीन रद्द न करता त्याला असं ठेवणं कायद्यात बसत नव्हतं.

आपल्याला त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली ही, की हा कायदा श्रीमंतांसाठी केलेला नाही. जामिनाचा तोच नियम आपल्या मजुराच्या पोरालाही लागू आहे. फक्त तो आपण मागितला पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्या मुलाचे आई आणि वडील दोघंही अटकेत गेले. हायकोर्टानं मुलाला सोडलं, तेव्हा ताबा द्यायला आईबाप घरी नव्हतेच. तो आत्याकडे दिला. आरोपांचा निकाल कोर्ट लावेल. पण पुरावा बदलायला, साक्षीदाराला धमकवायला, पैसे चारायला निघालं, तर मायबाप स्वतःच अडकतात, आणि पोराचं घरच जातं. ज्या घराच्या भरवशावर तो सुटायचा, ते घरच राहत नाही.

म्हणून ज्याची गाडी गेली, त्याच्या दारात दमदाटी करायला जाऊ नका. पोराला सुरतेला किंवा मामाकडे लपवू नका. प्रत्येक तारखेला स्वतः सोबत जा. एक मजुरी बुडते, एस. टी.चं भाडं लागतं, हे खरं आहे. पण मायबाप रिकाम्या खुर्चीसारखे गैरहजर असले, तर पोराच्या बाजूनं बोलणारं घरचं कोणी उरत नाही.

मोठा गुन्हा असेल तर

कायद्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत: किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा असते, ते किरकोळ. ज्यात कमीत कमी सात वर्षांची शिक्षा कायद्यानं ठरवली आहे, ते अतिगंभीर. खून, बलात्कार त्यात येतात.

आपल्या गावांत आणखी एक प्रकार घडतो. सतरा वर्षांचा पोरगा आणि सोळा वर्षांची पोरगी पळून जातात. लोक म्हणतात, दोघांच्या मर्जीनं गेले. पण पोरगी अठराच्या आतली असेल, तर तिची मर्जी कायदा धरत नाही. २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि संबंध आले असतील तर तो अतिगंभीर गुन्हा होऊ शकतो. अशा वेळी दोन्हीकडचे लोक बसून घाईनं लग्न लावून देतात. ते करू नका. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस होण्याआधी लावलेलं लग्न हा बालविवाह आहे, आणि लग्न लावणारे सगळेच त्यात अडकतात. ती पोरगीही कोणाची लेक आहे. तिच्या नावानं गावात बोलणं बंद करणं, हे आपल्या हातात आहे.

अतिगंभीर गुन्हा असेल आणि पोरगा सोळा वर्षं पूर्ण झालेला असेल, तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. त्यात पोराची मानसिक आणि शारीरिक क्षमता काय, परिणाम त्याला कळत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत घडलं, हे पाहतात. मानसतज्ज्ञांची मदत घेतात. त्यानंतर मंडळ प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथेही पोराला फाशी होत नाही, आणि कधीच सुटका नाही अशी जन्मठेपही होत नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला मोठ्यांच्या जेलात न ठेवता वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात. अशा प्रकरणात शाळेची कागदपत्रं, आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फिट येत असतील किंवा डोक्याला मार लागला असेल तर त्याचे रिपोर्ट, सगळं एका पिशवीत सांभाळून ठेवा.

निकाल काय लागू शकतो

मंडळानं चार महिन्यांत चौकशी संपवायची असते. फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यातही संपली नाही, तर ती बंद होते. पोरानं गुन्हा केला असं ठरलं, तर मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला लावू शकतं, दंड करू शकतं, मायबापाच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेखीखाली ठेवू शकतं, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं. सोबत शाळेत जाणं, धंदा शिकणं, नशा सोडवण्याचे उपचार घेणं, अमुक ठिकाणी न जाणं, अशा अटी घालू शकतं. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं.

आणि हे प्रत्येक मायनं लक्षात ठेवावं: मंडळाच्या निकालामुळे पोरगा पुढे शिक्षणाला, नोकरीला अपात्र ठरत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करायची असते. अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी ठरलेला सोळावरचा मुलगा, एवढाच याला अपवाद आहे. सोळा वर्षांच्या चुकीचा डाग साठ वर्षं राहू नये, म्हणून ही सोय केली आहे.

घरी आल्यावर

पोरगा घरी येतो तो दिवस सोपा नसतो. तो बोलत नाही, जेवत नाही, किंवा उलट बोलतो. पहिला आठवडा त्याला जुनं काही विचारू नका. दिवसाला एक ठरलेलं काम, एक ठरलेली जेवणाची वेळ आणि रात्री घरी यायची एक ठरलेली वेळ, एवढं पुरे. मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा रात्री तो मायजवळ ठेवायचं ठरवा. बाप दूर असेल, तर रोज रात्री पाच मिनिटं पोराशीच फोनवर बोलू द्या, आणि ते बोलणं रागावण्याचं नको. नशा सुटत नसेल, झोप येत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आपला गट काय करू शकतो

पोराचं नाव, फोटो, गाव, शाळा कुठेही छापायला किंवा टाकायला कायद्यानं बंदी आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. व्हॉट्सअॅपवर कोणी फोटो टाकला, तर पुढे पाठवू नका आणि टाकणाऱ्याला काढायला सांगा. ज्या घरावर ही वेळ आली, त्या बाईला तारखेच्या दिवशी सोबत द्या. तिच्या लहान लेकराला एक दिवस सांभाळा. भाड्याला कमी पडलं, तर गटातून तिला अंतर्गत कर्ज द्या, म्हणजे ती सावकाराकडे जाणार नाही. आणि बैठकीला ती आली नाही, तर दोघीजणी तिच्या घरी जा. बचत घ्यायला नाही, चहा प्यायला.

१०९८, १५१०० आणि १४४१६, हे तीन नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. लेकरांच्या जन्माचे दाखले आणि शाळेचे दाखले प्रत्येकीनं एका पिशवीत जपून ठेवा. ती पिशवी पोलिसांच्या कामासाठी कधी उघडावी लागू नये, शाळेत नाव टाकायलाच उघडावी, हीच आमची इच्छा.

दर्यापूरकडच्या त्या मायच्या प्रश्नाकडे परत येतो. "टाकतीन का त्याले जेलात?" नाही माय, नाही टाकत. पण उद्या सकाळी अकोल्याची पहिली एस. टी. धरायची आहे. शाळेचा कागद घे, पोराचे कपडे घे, आणि एकटी जाऊ नको. आम्ही फाट्यावर उभ्या राहतो.

रामराम.